खेळाची किल्ली

देगलूर, बिलोली, मुखेड या भागातील गावांतून मोकळ्या माळावर विटीदांडू खेळणारी मुले ज्यांनी पाहिली असतील, त्यांच्या कानांवर वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द खचित पडले असतील. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी ते स्वतः उच्चारलेही असतील. हे शब्द मुळात मराठी नव्हेत, ही गोष्ट त्या वयात कोणाच्या ध्यानी येणार? तेलुगू भाषेत एकाला ओकटि, दोहोंना रेंडु, तिहींना मूडु आणि चोहोंना नालुगु म्हणतात. तेच आकडे मराठी मुलांच्या तोंडी बसताना थोडे वाकले, थोडे झिजले आणि गावोगाव पसरले. १९५६ सालापर्यंत आपला हा मुलूख तेलुगू आणि कानडी मुलखाबरोबर एकाच हैदराबाद राज्यात नांदत होता, ही गोष्ट इतिहासाची पुस्तके सांगतात. पण विटीदांडूही ती सांगतो. हा खेळ घेताना कोणी कोणाची परवानगी मागितली नाही. ज्या गावाला जो नियम अडचणीचा वाटला, त्याने तो बदलला. पायावरून विटी मारायची की हातावरून, याबद्दल दोन गावांत एकमत नसेल; परंतु खेळ दोन्ही गावांत जिवंत राहिला.

याउलट गोष्टही आपल्याच घरातली आहे. कापडी पटावर कवड्या टाकून खेळायची पचिशी ही सर्वांची होती, म्हणजेच कोणा एकाची नव्हती. ती समुद्रापलीकडे गेली. अमेरिकेत १८७४ साली एका पेढीने 'पार्चीसी' हे नाव आपल्या मालकीचे म्हणून नोंदवून घेतले. इंग्लंडात १८९६ साली तिचेच सोपे रूप 'लुडो' या नावाने पेटंट झाले. तो लुडो मग पुठ्ठ्याच्या पेटीतून आपल्याच बाजारात विक्रीला आला, आणि आपण तो पैसे देऊन घेतला. यात पेढ्यांनी काही गुन्हा केला असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी पट छापला, सोंगट्या घडवल्या, दुकानांपर्यंत माल पोचवला. तथापि जे सर्वांचे होते त्याला एका बाजूने कुंपण पडले, एवढे खरे.

आजच्या विषयाला ही प्रस्तावना आम्ही मुद्दाम केली. संगणकावर हौसेने तयार केलेले खेळ उघडे ठेवावेत की बंद, असा हा विषय आहे. तो ऐकून काही श्रोत्यांना वाटले असेल की, हे पोरासोरांचे प्रकरण. त्याचा इतिहासाशी काय संबंध? आम्ही संगणकशास्त्राचे पंडित नव्हे, इतिहासाचे विद्यार्थी आहोत. पण गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या खेळांचे जे झाले ते पाहता आम्हांस असे दिसते की, ज्ञान कोणी कोणापासून झाकावे, किती झाकावे आणि झाकल्यास त्याचे पुढे काय होते, या फार जुन्या प्रश्नाचाच हा नवा अध्याय आहे.

प्रथम उघडे म्हणजे काय आणि बंद म्हणजे काय, ते स्पष्ट करू. संगणकाचा खेळ हे वस्तुतः एक लिखाण असते. खेळ रचणारा मनुष्य बेसिक, सी अशा एखाद्या भाषेत ओळीमागून ओळ लिहितो: अमुक कळ दाबली तर गाडी डावीकडे वळव, गोळी लागली तर गुण वाढव. हे लिखाण जाणत्या माणसाला वाचता येते. त्यालाच सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता म्हणतात. मग कंपायलर नावाची दुसरी एक आज्ञावली त्या लिखाणाचे यंत्राला समजणाऱ्या आकड्यांत रूपांतर करते. हे आकडे यंत्र वाचते. माणसाला त्यांतून मूळ विचार काढणे महाकठीण. खेळाबरोबर मूळ संहिताही दिली आणि ती बदलण्याची व पुढे वाटण्याची मुभा दिली तर तो खेळ उघडा. नुसते आकडे दिले तर बंद. बंद खेळ खेळता येतो. परंतु तो कसा केला हे कळत नाही, आणि मोडला तर दुरुस्तही करता येत नाही.

या क्षेत्राचा आरंभ उघडेपणानेच झाला. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९६१ साली पीडीपी-१ नावाचे यंत्र आले. त्याची किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर, आणि अशी यंत्रे एकूण ५३ निघाली. स्टीव्ह रसेल या तरुणाने मित्रांच्या मदतीने १९६२ साली त्या यंत्रावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ तयार केला. दोन अंतराळयाने पडद्यावर एकमेकांवर मारा करीत. खेळाची आज्ञावली कागदी फितीवर भोके पाडून साठवलेली असे, आणि ती फीत यंत्राजवळच्या खणात पडलेली असे. ज्याला वाटेल त्याने उचलावी. पीटर सॅमसन याला पाठीमागचे आकाश खोटे वाटले, म्हणून त्याने खऱ्या ताऱ्यांचा नकाशा त्यात घातला. डॅन एडवर्ड्स याने मधोमध एक तारा बसवून त्याला गुरुत्वाकर्षण दिले. मार्टिन ग्रेट्झ याने संकटात सापडलेल्या यानाला एकाएकी अदृश्य होण्याची सोय केली. दोघांनी खेळण्यासाठी वेगळ्या पेट्या बनवल्या. खेळ रसेलचा म्हणून ओळखला जातो. पण आज आपण ज्याला स्पेसवॉर म्हणतो तो पाच-सहा जणांच्या हातांखालून गेलेला खेळ आहे. रसेलला त्यापासून पैशाची प्राप्ती झाली नाही. लाख डॉलरचे यंत्र ज्याच्यापाशी असेल त्यालाच तो खेळता येणार; मग विकणार कोणाला?

पण पुढे विकत घेणारा सापडला. स्पेसवॉर पाहून नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७१ साली 'कॉम्प्युटर स्पेस' हे नाणे टाकून खेळायचे यंत्र तयार केले. त्यात मूळ संहिता नव्हतीच; सारा खेळ विजेच्या मंडलांत पक्का बसवलेला होता. मोठ्या संख्येने तयार होऊन विकले गेलेले या जातीचे ते पहिले यंत्र. पुढच्याच वर्षी या दोघांच्या अटारी कंपनीने 'पाँग' आणला आणि खेळांचा धंदा उभा राहिला. म्हणजे उघड्या खणातील फितीपासून कुलूपबंद पेटीपर्यंतचा प्रवास अवघ्या नऊ वर्षांत झाला.

हौशी मंडळी मात्र आपल्या वाटेने चाललीच होती. डेव्हिड अॅल या गृहस्थाने १९७३ साली बेसिक भाषेतील १०१ खेळ छापील पुस्तकात प्रसिद्ध केले. खेळ छापले म्हणजे काय, तर त्यांची मूळ संहिता ओळीने छापली. वाचकाने ती आपल्या यंत्रावर स्वतः टंकायची. टंकताना एखादे अक्षर चुकले की खेळ अडायचा, आणि चूक शोधता शोधता मनुष्य भाषा शिकून जायचा. या पुस्तकाची १९७८ सालची नवी आवृत्ती दहा लाखांवर खपली. आपल्या देशात १९८४ साली शाळांतून संगणकशिक्षणाची 'क्लास' योजना सुरू झाली, तेव्हा बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे निवडण्यात आली. त्यांवरही बेसिकच होते, आणि बेसिकमधील साधा खेळ चालू असताना थांबवून 'लिस्ट' एवढा शब्द टंकला की त्याचे सारे लिखाण पडद्यावर उभे राही. आपल्याकडे पुढच्या पिढीला सी भाषा शिकवली ती नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने. त्यातील छापील आज्ञावल्या टंकून किती मुले घडली याची मोजदाद नाही. छापील पान हे तर उघडेपणाचे सर्वांत जुने साधन आहे.

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे एक पत्र संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. वीस वर्षांच्या बिल गेट्सने ते हौशी मंडळींना उद्देशून लिहिले. अल्टेअर या लहान यंत्रासाठी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बेसिक तयार केले होते. लोक ते वापरीत होते, वाखाणीत होते. परंतु एकाने घेतलेली फीत दहा जण उतरून घेत. गेट्सचे म्हणणे असे की, अल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ते विकत घेतले, आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब मांडला तर आमच्या श्रमांना तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. उत्तम काम फुकट करणे कोणाला परवडेल, असा त्याचा सवाल होता.

हा सवाल हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लातूरच्या एखाद्या मुलाने सहा महिने रात्री जागून खेळ तयार केला, तर त्याने त्याचे चार पैसे मिळवू नयेत असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? आपल्या संगीतातील घराण्यांचा इतिहास पाहा. उस्ताद आपल्या चिजा सहजासहजी कोणाला देत नसत. कारण ती चीज हीच त्यांची इस्टेट, दरबारातील मान आणि मुलाबाळांची भाकरी होती. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ठिकठिकाणी हिंडून, आर्जवे करून त्या गोळा केल्या आणि स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या. त्यामुळे शेकडो बंदिशी वाचल्या, हे निर्विवाद. पण उस्तादांचे भय पोटातून आलेले होते, हेही तितकेच खरे.

गेट्सच्या पत्राला हौशी मंडळींनी दोन प्रकारे उत्तर दिले. काहींनी चिडून पत्रे लिहिली. ती विसरली गेली. दुसऱ्या काहींनी काम केले. 'टायनी बेसिक' या नावाने त्यांनी लहानशी बेसिक भाषा स्वतः लिहिली आणि तिची संहिता मासिकांतून छापून टाकली. लि-चेन वँग याच्या आवृत्तीवर तर 'कॉपीलेफ्ट, सर्व चुका राखीव' अशी थट्टेची ओळ होती. या थट्टेतील शब्दाला पुढे गंभीर अर्थ आला. रिचर्ड स्टॉलमन याने १९८३ साली मुक्त आज्ञावल्यांची चळवळ जाहीर केली आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना सिद्ध केला. त्याची अट थोडक्यात अशी: हे लिखाण घ्या, बदला, वाटा, हवे तर विकाही; पण ज्याला द्याल त्याला मूळ संहिताही द्या आणि तुम्हांला मिळालेली मुभा त्यालाही द्या. कुंपण घालू नये, यासाठीच घातलेले हे एक कुंपण म्हणावे लागेल.

दोन मार्गांचा निकाल काळाने कसा लावला, हे एकाच घराण्यातील दोन खेळांवरून पाहता येते. कॅलिफोर्नियातील मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि केन अर्नोल्ड या विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास 'रोग' नावाचा खेळ रचला. भुयारात उतरायचे, राक्षसांशी झुंजायचे, आणि दर वेळी भुयार नवे. बर्कलेच्या युनिक्सबरोबर हा खेळ विद्यापीठा-विद्यापीठांत पसरला. पण पसरला तो यंत्राच्या आकड्यांत. मूळ संहिता कर्त्यांनी हाती राखली, कारण तो विकावा असा विचार होता. पुढे तो विकलाही गेला, पण धंदा बेताचाच झाला. तिकडे मॅसॅच्युसेट्समधील जे फेनलासन या शाळकरी मुलाला तो खेळ फार आवडला. मूळ लिखाण मिळेना, तेव्हा त्याने १९८२ साली सोबत्यांच्या मदतीने तसाच खेळ नव्याने लिहिला. त्याचे नाव 'हॅक'. याची संहिता मात्र उघडी होती. ती अॅमस्टरडॅमच्या आंद्रिस ब्रॉवर या गणितज्ञाच्या हाती पडली. त्याने ती सुधारून १९८४ च्या अखेरीस संगणकांच्या जाळ्यावर सर्वांसाठी ठेवली. १९८७ साली अनेक गावच्या, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या मंडळींनी मिळून तिचा 'नेटहॅक' केला. रोगच्या कर्त्यांची बुद्धी कमी नव्हती. किंबहुना मूळ कल्पना त्यांचीच. आज रोगचे नाव इतिहास म्हणून घेतात, आणि नेटहॅकवर मात्र नवी माणसे अजून काम करीत आली आहेत.

आणखी एक उदाहरण देतो. विल क्राउदर हा गुहांतून हिंडणारा मनुष्य. केंटकीतील प्रचंड गुहांचे नकाशे त्याने काढले होते. घटस्फोटानंतर मुलींचे मन रमावे म्हणून १९७६ च्या सुमारास त्याने त्या गुहांवर शब्दांचा एक खेळ लिहिला. डॉन वूड्स या विद्यार्थ्याला तो दुसऱ्या यंत्रावर सापडला. त्याने क्राउदरला शोधून काढले, परवानगी आणि मूळ संहिता मिळवली, आणि १९७७ साली खेळ वाढवला. 'अॅडव्हेंचर' या नावाने तो जगभर गेला. १९७९ साली मायक्रोसॉफ्टनेही त्याची आपली आवृत्ती करून विकली. तासाला दोन डॉलर पडत नाहीत म्हणून पत्र लिहिणाऱ्यांनाही उघड्या विहिरीचे पाणी गोड लागले, हे नमूद करण्याजोगे आहे. क्राउदरचे पहिले लिखाण पुढे नाहीसे झाले असे सर्वांनी धरले होते. ते २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात वूड्सच्या विद्यार्थिदशेतील जुन्या साठ्यात मिळाले. कर्त्याकडे जे उरले नव्हते, ते ज्याला दिले त्याच्याकडे उरले.

या ठिकाणी आम्हांस माहूरची आठवण होते. आपल्या नांदेड जिल्ह्यातील हे क्षेत्र अनेकांना पूज्य आहे, आणि महानुभाव पंथीयांचेही ते मोठे श्रद्धास्थान. या पंथाचे मराठी भाषेवरील उपकार फार मोठे. चक्रधरस्वामींनी आपले निरूपण मराठीत केले. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास त्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. म्हणजे ज्ञान लोकभाषेत उघडे करण्याचाच हा उद्योग होता. पुढे धाडी आल्या. लीळाचरित्राची मूळ पोथी त्या धामधुमीत गेली. ती परत उभी राहिली ती शिष्यांनी पाठ केलेल्या लीळांवरून. म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ आढळतात. एका पोथीत असलेले गेले, अनेकांच्या मुखी असलेले राहिले.

नंतर चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांतील सकळ लिपी विशेष प्रसिद्ध. भाषा मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल केलेली. बाहेरच्याने पान उघडले तर त्याला चिन्हे दिसत, अर्थ दिसत नसे. शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, त्याची मोडतोड होऊ नये, हा हेतू होता, आणि त्या काळच्या संकटांत तो समजण्यासारखा आहे. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, मराठीतील आद्य गद्य मराठी वाचकालाच पाच-सहाशे वर्षे अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभकाळात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या खटपटीने या लिप्यांची उकल झाली. १९३० नंतर ह. ना. नेने यांनी आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या छापील आवृत्त्या काढल्या, तेव्हा आपल्याला आपला ठेवा दिसला.

हे शक्य झाले याचे कारण ध्यानात घ्या. पंथाने कुलूप लावले होते, पण किल्ली टाकून दिली नव्हती. महंतांनी ती पिढ्यान्पिढ्या जपली, शिष्यांना शिकवली. यंत्राच्या आकड्यांत बंद केलेल्या खेळाची स्थिती याहून वाईट आहे. तीही एक सकळ लिपीच. परंतु कंपनी बुडाली, मालक बदलला, ज्या तबकडीवर मूळ संहिता होती ती खराब झाली, की त्या लिपीची किल्ली कोणाहीपाशी उरत नाही.

आमचे मत आम्ही येथेच सांगून टाकतो. कुलूप लावणे हा अपराध नव्हे. किल्ली बरोबर घेऊन जाणे हा मात्र अपराध आहे. पोटासाठी काही काळ बंद ठेवावे, पण पुढे उघडावे, हा मार्गही इतिहासात आहे. इड सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ काढला. त्याने अमाप पैसा मिळवला. आरंभीच त्यांनी एक शहाणपण केले होते: खेळाचे चित्र-नकाशे एका वेगळ्या धारिकेत ठेवले, त्यामुळे हौशी खेळाडू स्वतःचे नकाशे त्यात घालू लागले. चार वर्षे कमाई झाल्यावर, २३ डिसेंबर १९९७ रोजी, जॉन कार्मॅक याने मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. ध्वनीचा भाग दुसऱ्या कोणाच्या मालकीचा असल्यामुळे तेवढा देता आला नाही. तो लोकांनी नव्याने लिहिला. नंतर १९९९ साली हा खेळ जीपीएल परवान्याखाली आला. आज निरनिराळ्या यंत्रांवर डूम चालतो तो या कृत्यामुळे. कर्त्यालाही मिळाले आणि जगालाही उरले.

आता आपल्या दारात येऊ. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली निघाले. लातूरला १९८३ साली बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. या भागात संगणक शिकलेल्या मंडळींना टर्बो सीचा निळा पडदा आठवत असेल. पुस्तके परीक्षेसाठी वाचली जात. पण प्रयोगशाळेत मास्तरांची पाठ फिरली की त्याच निळ्या पडद्यावर साप, चेंडू आणि मोटारगाड्या धावू लागत. हा हौशी खेळांचा आपला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो कोणीही लिहून ठेवलेला नाही.

ते खेळ आज कोठे आहेत? बहुतेक फ्लॉपी नावाच्या तबकडीवर होते. फ्लॉपीला बुरशी लागली, आणि ती वाचणारी यंत्रे मोडीत गेली. पण काही विद्यार्थ्यांनी खेळ हाच शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून दिला होता. त्या काळी प्रकल्पाचा अहवाल काळ्या पुठ्ठ्यात बांधून, वर सोनेरी अक्षरे छापून द्यावा लागे, आणि शेवटी परिशिष्टात आज्ञावलीची सारी पाने जोडावी लागत. परीक्षक ती पाने उलटून पाहात नसत, अशी मुलांची तक्रार असे. आम्ही असाच एक अहवाल एका स्नेह्याच्या माळ्यावरून काढला. त्याच्या मुलीने चाळीसेक पाने टंकली. दोन दिवस चुका काढण्यात गेले. टर्बो सीची चित्रे काढण्याची सोय आजच्या यंत्रांवर चालत नाही. तेव्हा २००२ पासून उपलब्ध असलेल्या 'डॉसबॉक्स' या उघड्या आज्ञावलीच्या पोटात जुने यंत्र भासवून तिने तो खेळ चालवला. पडद्यावर साप सरकला तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर असताना तो लिहिणारा, आज डोक्यावर पांढरे झालेला तिचा बाप काही वेळ बोलला नाही. फ्लॉपी गेली होती, यंत्र गेले होते; कोणी न वाचलेले परिशिष्ट तेवढे राहिले होते.

दुसरा मुद्दा भाषेचा. बंद खेळ मराठीत आणायचा की नाही, हे दूर कोठे तरी बसलेला मालक ठरवतो, आणि त्याच्या हिशेबात मराठी क्वचितच बसते. उघड्या खेळाला कोणाची वाट पाहावी लागत नाही. 'ग्नोम' या मुक्त व्यवस्थेचे मराठीकरण झाले तेव्हा तिच्यासोबतचे लहानसहान खेळही मराठी झाले. मुलांसाठी २००२ साली निघालेला 'टक्स पेंट' हा चित्रे काढण्याचा खेळही मराठीत उतरला आहे. हे काम कोणा धनिकाने केले नाही. ज्यांना आपली भाषा पडद्यावर हवी होती त्यांनी केले, आणि मूळ लिखाण उघडे होते म्हणूनच त्यांना करता आले. वकट, लेंड, मूंड, नाल म्हणणाऱ्या विटीदांडूचा खेळ उद्या कोणी संगणकावर केला, तर तो मराठीत राहील, आणि सीमेपलीकडच्या मुलाला तो सहज तेलुगूत नेता येईल. त्या आकड्यांना ती घरवापसीच वाटेल.

कोणी म्हणेल, आज काळ बदलला. खेळ आता मोबाइलवर असतात, आणि चांगला जमला तर घरबसल्या पैसा देतात. हे खरे आहे, आणि ज्याला तो मिळेल त्याने अवश्य मिळवावा. पण मोबाइलच्या दुकानांत जुना खेळ वेळोवेळी सुधारला नाही, तर दुकानदार तो फळीवरून काढून टाकतो. मुलगा शिकून पुण्याला, बंगळूरला नोकरीस लागतो, संसारात पडतो. सुधारणा कोण करणार? मग खेळही जातो आणि त्यामागची विद्याही जाते. पाठीमागून येणाऱ्या मुलाला पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा लागतो. मराठवाड्याच्या मागासलेपणाची कारणे आपण व्याख्यानांतून पुष्कळ ऐकतो. प्रत्येक पिढीने आपले शिकलेले बरोबर घेऊन निघून जावे आणि गावाला काही ठेवू नये, हेही त्यांतील एक लहानसे कारण नसेल काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे, आणि तिला फारसा खर्च नाही. नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या खेळांची मूळ संहिता ग्रंथालयात ठेवून घ्यावी. ज्याला विकायचा असेल त्याने पाच-सात वर्षांची मुदत घालावी. त्यानंतर ती सर्वांना खुली व्हावी. सोबत दोन पाने मराठी टिपण असावे: खेळ कोणी केला, कोणत्या यंत्रावर केला, तो चालवावा कसा, आणि पुढच्याने काय सुधारावे. जुन्या विद्यार्थ्यांनी घरचे माळे शोधावेत. काळ्या पुठ्ठ्याचे अहवाल रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी त्यांची शेवटची पाने तेवढी उलटून पाहावीत.

माळावरच्या मुलांना हे कोणी शिकवलेले नाही. मोठा मुलगा खेळायचे सोडतो तेव्हा दांडू लहानाच्या हातात देतो, आणि वकट कशाला म्हणायचे ते दाखवून जातो. आपल्या शिकलेल्या मुलांनी एवढे केले तरी पुष्कळ झाले, असे म्हणून आम्ही आपली रजा घेतो.